संगणकाची रोजकीर्द : सी-एर आणि सी-लॉग यांची कुळकथा



संगणकाच्या भाषेंतील दोन लहानशा शब्दांचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. त्यांतील पहिला शब्द सी-एर आणि दुसरा सी-लॉग. काम चालू असतां बिघाड झाला तर त्याची वर्दी सी-एर देतो. कोणतें काम केव्हां झालें याची नोंद सी-लॉग ठेवतो. विषय इंजिनिअरांचा, त्यांत खेडेगांवच्या निवृत्त मास्तराचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास माझें उत्तर असें कीं, बातमी तत्काळ धाडावी कीं चार बातम्या साठल्यावर एकदम धाडावी, हा प्रश्न संगणकाच्या जन्मापूर्वीं शेंकडों वर्षें राज्यकर्त्यांस, सावकारांस आणि वाटसरूंस पडत आलेला आहे. संगणकानें तो आपल्या परीनें पुन्हां सोडविला. प्रश्न इतका जुना असल्यामुळें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें त्यावर दोन शब्द बोलण्यास हरकत नसावी.

प्रथम मूळ अडचण समजून घेऊं. संगणकाचें गणित करणारें अंग अतिशय चपळ असतें. लिहून ठेवणारें अंग, मग तें कागदावर छापणारें असो, पडद्यावर दाखविणारें असो किंवा तबकडीवर उमटविणारें असो, त्या मानानें फार मंद असतें. अक्षर निघालें कीं लगेच लिहावयास दिलें, असें केल्यास चपळ अंगाला पदोपदीं मंद अंगाची वाट पाहत तिष्ठावें लागतें. म्हणून संगणकाच्या स्मरणांत एक जागा राखून ठेवतात. निघालेलीं अक्षरें तेथें गोळा होतात आणि जागा भरली म्हणजे सर्व एकदम बाहेर लिहिलीं जातात. या राखीव जागेस बफर म्हणतात, आणि ती रिकामी करण्याच्या क्रियेस फ्लश म्हणतात. प्रोग्रॅममधून बाहेर पडणाऱ्या अक्षरांच्या ओघाला प्रवाह असें नांव आहे.

बफर ही वस्तु समजावून सांगण्यास आमच्या फर्दापुराहून दूर जावें लागत नाहीं. अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशीं हें गांव वसलेलें असून येथें मोगल अमदानींतील सराई आहे. बऱ्हाणपुराकडून औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराकडे, जाणारा जुना मार्ग हा घाट चढत असे. एकट्यादुकट्यानें रानांतून घाट चढणें धोक्याचें. म्हणून अशा सराईंत वाटसरू उतरत, आणि सोबत जमली म्हणजे तांडा एकत्र निघे. तांड्यानें जाण्यांत खर्च थोडा आणि सोय पुष्कळ. परंतु सरकारी जासूद तांड्यासाठीं थांबत नसे. त्याच्या थैलींत एकच चिठ्ठी असली तरी तो तसाच पुढें जाई, कारण त्या चिठ्ठीचें सारें मोल वेळेवर पोहोंचण्यांत असे. सी-लॉग हा तांडा होय आणि सी-एर हा जासूद होय. एवढा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील इतिहास समजण्यास अवघड नाहीं.

लॉग या शब्दाची उत्पत्तीहि ऐकण्यासारखी आहे. इंग्रजींत लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्याकरितां खलाशी गांठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो समुद्रांत टाकीत, आणि ठराविक वेळांत किती गांठी हातांतून सुटल्या हें मोजीत. तो आंकडा ज्या वहींत मांडावयाचा ती लॉगबुक. पुढें जहाजावरील सर्वच घडामोडी तींत लिहिल्या जाऊं लागल्या, आणि शाळा-कचेऱ्यांतील नोंदवहीसहि तेंच नांव पडलें. मराठ्यांच्या राज्यकारभारांत हें काम रोजकीर्द करी. रोजचा जमाखर्च, दिलेल्या सनदा, सुटलेले हुकूम त्या त्या दिवसाखालीं मोडी लिपींत उतरत. गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभीं छापून निघाले, आणि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १९०० सालीं त्यांवर विवेचन केलें. लढायांच्या वर्णनांत जो राज्यकारभार दिसत नाहीं, तो या कोरड्या नोंदींत दिसतो, हें तेव्हां महाराष्ट्राच्या ध्यानांत आलें. पुढें गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत संपादिले.

तथापि रोजकीर्द ही निवांत वेळची गोष्ट आहे. आकांताच्या वेळीं तिचा उपयोग नसतो. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. त्या वेळीं नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले असून भेलशाच्या बाजूस होते. पराभवाची वर्दी त्यांना सुमारें दहा दिवसांनीं मिळाली, आणि ती दक्षिणेकडे जाणाऱ्या एका सावकारी कासिदाजवळच्या चिठ्ठींतून. मोत्यें आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेंत लिहिलेल्या त्या मजकुरांत भाऊसाहेब व विश्वासराव पडल्याची आणि अगणित फौज गारद झाल्याची बातमी सामावलेली होती. तपशील मागाहून पत्रापत्रांतून येत राहिला. बखरी तर त्याहूनहि उशिरां लिहिल्या गेल्या. आकांताची वर्दी थोडक्यांत, तत्काळ आणि वेगळ्या वाटेनें यावी. तपशिलाची नोंद सावकाश व सविस्तर व्हावी, ही विभागणी आपल्या लोकांस व्यवहारानें ठाऊक होती. यंत्रांना ती शिकवावी लागली.

महाराष्ट्रांत संगणकाचा आरंभ मुंबईस झाला. होमी भाभा यांनीं १९४५ मध्यें स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत देशांत बनविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्यें सुरू झाला. १९६४ मध्यें त्याच संस्थेंत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला, आणि देशांतील अनेक संस्थांचे संशोधक आपलीं गणितें फोर्ट्रान भाषेंत लिहून त्यावर करूं लागले. फोर्ट्रान ही कंपायलर असलेली भाषा. माणसाला समजेल असा लिहिलेला मजकूर कंपायलर नांवाचा दुभाषा एकदांच पूर्णपणें यंत्राच्या बोलींत उतरवून देतो, आणि मग तें भाषांतरच धांवतें. तें धांवत असतां आंत काय घडत आहे, हें बाहेरून दिसत नाहीं. म्हणून प्रोग्रॅमनें स्वतः लिहून ठेवलेल्या ओळी हेंच त्याच्या वर्तनाचें मुख्य साक्षीदार ठरतात.

सीडीसी ३६०० च्या जोडीस १६०-ए हें लहान यंत्र होतें. मोठ्या यंत्राचा मोलाचा वेळ कार्डें वाचण्यांत आणि कागद छापण्यांत जाऊं नये म्हणून अशीं दुय्यम यंत्रें त्या काळीं जोडीस देत. बफरच्या कल्पनेचाच हा मोठा अवतार होता. पण त्या काळच्या पद्धतींत उत्तर आणि चुकीची वर्दी हीं दोन्ही बहुधा एकाच छापील कागदाच्या घडींतून, काम संपल्यावर, हातीं पडत. जासूदहि तांड्याबरोबरच चालत होता.

जासूदाची वाट वेगळी झाली ती अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, बेल प्रयोगशाळेंत. तेथें केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून युनिक्स ही संगणक चालविण्याची व्यवस्था उभारली. रिचीनें सी ही भाषा घडविली, आणि १९७३ मध्यें युनिक्सचा गाभा त्या भाषेंत पुन्हां लिहिला गेला. त्याच सुमारास डग्लस मॅकिलरॉय याच्या कल्पनेप्रमाणें एका प्रोग्रॅमचा प्रवाह नळ जोडावा तसा दुसऱ्या प्रोग्रॅममध्यें सोडण्याची सोय झाली. सोय उत्तम होती, पण तिच्यांत एक खोड निघाली. पहिल्या प्रोग्रॅमनें दिलेली चुकीची वर्दीहि त्याच नळांतून दुसऱ्याच्या पोटांत जाई आणि माणसाच्या दृष्टीस पडतच नसे.

पुढें काय झालें तें स्टीफन जॉन्सन या तेथील संशोधकानें सांगून ठेविलें आहे. प्रयोगशाळेंत प्रकाशाच्या साह्यानें अक्षरें जुळविणारें यंत्र आलें होतें. संगणकांतून निघालेला मजकूर फोटोच्या कागदावर उमटे, आणि मग तो कागद रसायनांत धुवून काढावा लागे. एके दिवशीं दुपारीं कित्येकांनीं आपआपले लेख त्या यंत्राकडे धाडले, कागद धुतले, आणि पाहतात तों पानावर सुबक टाइपांत एकच ओळ: अमुक फाइल उघडतां येत नाहीं! लेखाच्या जागीं चुकीची वर्दी छापून आली होती. कुरकूर झाली, ती योग्य माणसांच्या कानांवर गेली, आणि दोन-चार दिवसांतच चुकीच्या वर्दीसाठीं स्वतंत्र प्रवाह निर्माण झाला. त्याचें नांव स्टँडर्ड एरर. आतां उत्तर नळांत सोडा अगर कागदावर छापा. वर्दी वेगळ्या वाटेनें माणसाच्या पडद्यावर येऊं लागली. सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयांत या प्रवाहाला बफर न ठेवण्याचा प्रघातहि पडला. जासूदानें सराईंत मुक्काम करूं नये, हाच तो नियम.

आतां आपले दोन शब्द. डेन्मार्कमध्यें जन्मलेला ब्यार्न स्ट्रॉस्ट्रूप यानें १९७९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत सी भाषेचा विस्तार करण्यास आरंभ केला. १९८३ मध्यें त्या विस्तारास सी प्लस प्लस हें नांव मिळालें. सीमधील छापण्याच्या आज्ञेंत एक उणीव होती. आंकडा देतों म्हणून शब्द हातीं ठेवला तरी त्या काळचा कंपायलर तक्रार करीत नसे. म्हणून स्ट्रॉस्ट्रूपनें १९८४ मध्यें प्रवाहांची नवी रचना केली. जी वस्तु बाहेर धाडावयाची ती दोन कोनांच्या चिन्हानें प्रवाहांत सोडावयाची, ही तिची रीत. आणि आज्ञेच्या नांवाऐवजीं चिन्ह वापरावें ही सूचना मॅकिलरॉयचीच होती. जेरी श्वार्त्झ यानें ही रचना पुन्हां बांधली व ती १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत आली. १९९८ मध्यें भाषेचें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें, तेव्हां तींत उत्तरासाठीं सी-आउट, वर्दीसाठीं सी-एर आणि नोंदीसाठीं सी-लॉग असे तीन बहिर्गामी प्रवाह कायम झाले. आरंभींचा सी हा कॅरेक्टर, म्हणजे अक्षर, या शब्दाचा आहे.

येथें एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. सी-एर आणि सी-लॉग हे दोन्ही एकाच मुक्कामाला, म्हणजे स्टँडर्ड एररला, जातात. गांव एक, वाट एक. भेद फक्त सराईचा. सी-एरवर एक खूण लावलेली असते, तिला युनिटबफ म्हणतात. तिच्या योगानें प्रत्येक लेखनक्रिया संपतांच बफर रिकामा होतो. सी-लॉगवर ती खूण नसते. त्याचा मजकूर सोबत जमेपर्यंत थांबूं शकतो.

या भेदाचें मोल हिशेबानें पाहूं. समजा, एका प्रोग्रॅमला एक लाख ओळींची नोंद करावयाची आहे, आणि प्रत्येक ओळींत ८० रोमन अक्षरें आहेत. एकूण अक्षरें ८० लाख झालीं. प्रत्येक ओळ निघतांच बाहेर धाडली तर निदान एक लाख वेळां प्रोग्रॅमला आपलें काम थांबवून मुख्य व्यवस्थेचें दार ठोठवावें लागेल. बफर ८,१९२ अक्षरांचा असेल तर ९७७ फेऱ्यांत काम आटोपेल. बफरचा फायदा तो हा.

आतां तोटा पाहूं. प्रोग्रॅम सरळपणें संपला तर शेवटीं बफर रिकामा केला जातो आणि कांहींच हरवत नाहीं. पण तो मध्येंच कोसळला, म्हणजे स्मरणांतील भलत्या जागीं हात घातल्यामुळें व्यवस्थेनें त्याला ठार केलें, तर बफरमध्यें थांबलेला मजकूर त्याच्याबरोबरच नष्ट होतो. वरील हिशेबानें ८,१९२ अक्षरांत १०२ पूर्ण ओळी मावतात. म्हणजे मरणापूर्वींच्या शंभरावर ओळी, ज्यांची गरज सर्वांत अधिक, त्याच नाहींशा होऊं शकतात.

याहून मोठा धोका असा कीं, नोंद हरवली आहे हें वाचणाऱ्यास कळत नाहीं. तो नोंदीची शेवटची ओळ पाहतो. तींत पन्नासावें काम पुरें झाल्याचें लिहिलेलें असतें. म्हणून तो एकावन्नाव्या कामांत चूक शोधीत बसतो. वस्तुतः प्रोग्रॅम दीडशेंव्या कामापर्यंत सुखरूप गेलेला असतो आणि तेथें कोसळलेला असतो. मधल्या कामांच्या ओळी सराईंतच राहिल्या. जुन्या कागदांवर काम करणाऱ्या इतिहासकारास ही फसगत चांगली परिचयाची आहे. अमक्या सालानंतर एखाद्या गांवचा कागद सांपडत नाहीं, म्हणून गांव त्या सालीं ओस पडलें असें विधान करण्याचा मोह होतो. पण गांव नांदत असेल आणि रुमाल वाळवीनें खाल्ला असेल. नोंद थांबणें आणि घटना थांबणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नोंद वाचणाऱ्यानें ती कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत आली, आणि वाटेंत कोठें कोठें थांबली असेल, हें आधीं विचारलें पाहिजे.

यावर उपाय भाषेंतच ठेवलेले आहेत. धोक्याच्या पायरीपूर्वीं फ्लशची आज्ञा देऊन बफर रिकामा करतां येतो. एंडएल या शब्दानें ओळहि संपते आणि फ्लशहि होतो. मात्र संवयीनें प्रत्येक ओळीस एंडएल लावल्यास तांड्यांतील प्रत्येक वाटसरूला स्वतंत्र घोडा दिल्यासारखें होऊन बफरचा सर्व फायदा जातो.

सराई एकच असते असेंहि नाहीं. प्रोग्रॅमनें बफर रिकामा केला तरी मजकूर मुख्य व्यवस्थेच्या स्मरणांत कांहीं काळ राहतो, आणि तेथून तबकडीवर जातो. प्रोग्रॅम मेला तरी हा मजकूर वांचतो. पण त्याच क्षणीं वीज गेली तर तोहि जाऊं शकतो. उलट, सी-लॉगचा मजकूर नेहमींच अडकतो असेंहि समजूं नये. सी प्लस प्लसचे प्रवाह जुन्या सीच्या प्रवाहांशीं मेळ राखून चालविण्याची व्यवस्था मुळांत चालू असते, आणि ती चालू असतां कित्येक ठिकाणीं सी-लॉगची ओळहि लगेच बाहेर पडते. हा मेळ सोडला कीं थांबण्याचा प्रकार सुरू होतो. म्हणून आपल्या संगणकावर एकदां ओळ वेळेवर आली, यावरून ती सर्वत्र तशीच येईल असें धरून चालणें धोक्याचें आहे.

अनेक प्रक्रियक एकाच वेळीं लिहूं लागले म्हणजे आणखी एक अडचण उभी राहते. पुण्यास १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें १९९१ मध्यें परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्याचें सामर्थ्य अनेक प्रक्रियकांना एकत्र राबविण्यांत होतें. असे अनेक कामकरी एकाच वहींत लिहूं लागले तर एकाच्या ओळीच्या पोटांत दुसऱ्याची ओळ शिरते. आज साध्या संगणकांतहि अनेक प्रक्रियक असल्यामुळें हा गोंधळ घरोघर आला आहे. त्यावर सी प्लस प्लसच्या २०२० च्या प्रमाणांत एक सोय झाली. तिच्यांत प्रत्येक कामकऱ्याचा मजकूर आधीं त्याच्याजवळ गोळा होतो आणि मग अखंड रूपानें समाईक प्रवाहांत सोडला जातो. म्हणजे येथें बफर हा वेळ वांचविण्यासाठीं नसून वाक्य तुटूं नये म्हणून आहे.

नोंद एकाच ठिकाणीं अडकून राहिली म्हणजे काय होतें, याचें दुःखद उदाहरण फर्दापुरापासून चार-पांच किलोमीटरांवर आहे. १८१९ मध्यें जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याचीं लेणीं पडलीं. भिंतींवरील चित्रें झिजत चालल्याचें पाहून त्यांच्या नकला करण्यासाठीं १८४४ मध्यें मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. त्यानें वर्षानुवर्षें खपून मोठमोठ्या नकला तयार केल्या. त्या विलायतेस गेल्या, आणि लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें डिसेंबर १८६६ च्या आगींत बहुतेक जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं तें काम पुन्हां हातीं घेतलें. त्यांच्याहि नकलांपैकीं पुष्कळ साउथ केन्सिंग्टन येथील १८८५ च्या आगींत गेल्या. परंतु ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्यें छापून निघाला, म्हणून त्या श्रमांचें फळ जगाच्या हातीं राहिलें. दरम्यान मूळ चित्रांचा ऱ्हास चालूच होता. ज्या आकृति १८५० च्या सुमारास भिंतीवर होत्या आणि पुढें गळून पडल्या, त्यांची गिलच्या नकलेखेरीज दुसरी साक्ष क्वचितच होती; ती नकल जळाली तेव्हां त्या आकृति दुसऱ्यांदां नष्ट झाल्या. मोलाची नोंद एकाच कोठारांत ठेवून, ती चार ठिकाणीं पोहोंचविण्याचें काम पुढें ढकलीत जावें, यांतील धोका याहून स्पष्ट कोणी सांगावा?

आज आपल्या बँकांचे व्यवहार, रेल्वेचीं तिकिटें, रुग्णालयांतील यंत्रें हीं सर्व प्रोग्रॅमवर चालतात, आणि त्यांत कांहीं बिघडलें म्हणजे तपास करणारा माणूस प्रथम नोंद मागतो. त्या नोंदीवरून कोणाचा दोष होता हें ठरतें. म्हणून जीं मुलें आज प्रोग्रॅम लिहावयास शिकत आहेत, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. ओळ लिहितांना ती जासूदाची आहे कीं तांड्याची आहे, हें आधीं ठरवा. नेहमींचा तपशील सी-लॉगकडे द्या. त्याला थांबण्यास हरकत नाहीं. बिघाडाची ओळ मात्र सी-एरकडे द्या, ती थोडक्यांत लिहा, आणि कोठें, काय, कशामुळें हीं तीन उत्तरें तींत असूं द्या. प्रोग्रॅम कोसळल्यावर तो पुन्हां बोलावयास येत नाहीं. त्याच्या हातून बाहेर पडलेल्या ओळींवरच मागच्यांस काम चालवावें लागतें.